ट्रंकेवरच्या ‘८/१९’चा अर्थ सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझं नाव कुठं घालू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई लिहिते. पण आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत. आमच्या आबांबद्दलची कुजबुजही चारचौघांतच झाली होती, आणि सत्तरहून जास्त वर्षं झाली होती.

आबा म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव अंबाजोगाईच्या अलीकडं, माळवदाच्या घरांचं. आबा दुसऱ्या महायुद्धात लष्करात अधिकारी होते एवढं घरात सगळ्यांना माहीत. कुठल्या लष्करात, असं विचारलं की आजी म्हणायची, “हैदराबादच्या पलटणीत.” आमच्याकडं हैदराबादची पलटण म्हणजे निजामाची फौज, दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज नळदुर्गाकडून आत आली आणि १७ तारखेला निजामानं हात टेकले. गावातली जुनी माणसं त्याला अजून ‘ॲक्शन’च म्हणतात. त्या दिवसांत आजीनं घाबरून आबांचा खाकी गणवेश विहिरीत टाकला, फोटो आणि कागदपत्रं चुलीत घातली. आपल्या माणसाला कुणी रझाकारांच्या बाजूचा समजू नये एवढीच तिची धडपड. पण विहिरीवर तिला कुणीतरी पाहिलं, आणि नको तो संशय पक्का झाला.

वडील शाळेत जायला लागले तेव्हा पोरं त्यांना ‘निजामाच्या कप्तानाचं पोरगं’ म्हणायची. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला आबा सगळ्यांच्या मागं, लिंबाखाली उभे राहायचे, असं वडील सांगतात. १९७१ मध्ये ते गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही.

मागं राहिली ती ट्रंक, आणि तीही तुरीची डाळ ठेवायला लागायची म्हणून. काळ्या पत्र्याची, एका बाजूला चेपलेली. झाकणावर पांढऱ्या रंगानं आबांचं नाव, त्याखाली ८/१९ आणि पुढं एच, वाय, डी ही इंग्रजी अक्षरं. नऊच्या शेपटीवरून रंगाचा एक थेंब ओघळून तसाच वाळलाय. घरात सगळे म्हणायचे, ही आबांची जन्मतारीख, ऑगस्ट १९१९. शाळेच्या दाखल्यावर साल १९२१ आहे, तर मास्तरांनी चुकीचं लिहिलं म्हणायचे.

वडिलांची पंचाहत्तरी झाली तेव्हा मी शोध हाती घेतला. निजामाच्या जुन्या फौजेची कागदपत्रं जिथं असतील असं वाटलं, तिथं अर्ज केला. चौदा महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: या नावाचा अधिकारी नोंदीत नाही. वडिलांनी ते पत्र घडी करून उशीखाली ठेवलं. “म्हंजे फौजेतच नव्हते का काय,” एवढंच बोलले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

नांदेडच्या मैत्रिणीनं तुमचा नंबर दिला तो त्यानंतर. तुम्ही लंडनला नोकरी करता, घर-संसार सांभाळता, आणि ओळख ना पाळख अशा माझ्याशी पहिल्याच दिवशी तासभर बोललात. दोन गोष्टी विचारल्यात. ट्रंकेचा फोटो पाठवा, ही पहिली. दुसरा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला: “आबांच्या तोंडी काही वेगळे शब्द होते का, घरात दुसरं कुणी वापरत नाही असे?”

मी वडिलांना विचारलं. ते लगेच म्हणाले, “दाज्यू.” आमच्याकडं एक म्हातारे सालदार होते, त्यांना आबा आयुष्यभर ‘दाज्यू’ म्हणत. आम्हाला वाटायचं, त्या म्हाताऱ्यांचंच ते टोपणनाव.

दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला. तो माझ्या फोनमध्ये अजून आहे. दाज्यू म्हणजे उत्तराखंडातल्या कुमाऊंनी भाषेत थोरला भाऊ. आणि ८/१९ ही तारीख नव्हेच. आठवी बटालियन, एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट. ही रेजिमेंट निजामाची नव्हे, ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्कराची.

मग तुम्ही मला मुळापासून समजावलंत. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालची पण निजामाच्या खर्चानं चालणारी हैदराबाद कंटिन्जंट, तिच्या छावण्या औरंगाबादला, हिंगोलीला, मोमिनाबादला म्हणजे आमच्याच अंबाजोगाईला. वऱ्हाड कायमचं इंग्रजांकडं देणारा निजामाचा १९०२ चा करार झाल्यावर ती हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली. तिच्यातल्या पायदळाच्या पलटणींची १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली. नाव तेवढं हैदराबादचं राहिलं. जवान कुमाऊंचे, अहीर आणि जाट. २७ ऑक्टोबर १९४५ ला तिचं नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट केलं. म्हणजे १९४८ साली भारतीय लष्करात ‘हैदराबाद’ नावाची ती रेजिमेंट उरलीच नव्हती. आबा ‘माझी पलटण हैदराबाद’ म्हणाले तर ऐकणारा दुसरं काय समजणार? इतकी वर्षं कुणी त्यांना नीट विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी खुलासा केला नाही. का केला नाही, हा प्रश्न मला अजून छळतो.

एवढ्यावर तुम्ही थांबला असता तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण तुम्ही शनिवारी लंडनमधल्या क्यूला, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलात, वाचकाचं कार्ड काढलंत आणि ‘डब्ल्यू ओ १७२’ या मालिकेतल्या आग्नेय आशियातल्या युद्ध-डायऱ्या मागवल्यात. एका शनिवारी काम झालं नाही. पाच शनिवार गेलात. फोनवर काढलेल्या पानांचे फोटो मला रात्री यायचे आणि मी वडिलांना शेजारी बसवून वाचायची. डावीकडं ठिकाण, मग तारीख, मग वेळ, मग काय घडलं ते. बटालियनचे प्रमुख होते थिमय्या, जे १९५७ मध्ये भारताचे लष्करप्रमुख झाले. ब्रिगेड ५१ वी, डिव्हिजन २५ वी, मुलूख ब्रह्मदेशातल्या आराकानचा. त्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनांवर भारतीय प्रमुख होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि आपले कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. जपानी सैन्याची माघारीची वाट तोडायला जानेवारी १९४५ मध्ये कांगावला खाडीतून उतरावं लागलं. खारफुटी, गुडघ्याएवढा चिखल, भरती आली की सगळं पाण्याखाली. तिथल्या कामगिरीबद्दल तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला.

आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातलं ते पान. वेळ ०५४०. लेफ्टनंट म्हणून आबांचं नाव, स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं. रात्रीच्या गस्तीवरून अकरा जवानांसह परत, एक जखमी उचलून आणला. दीड ओळ, बास. आडनाव नक्की आपलंच का, म्हणून तुम्ही महिनाअखेरीला जोडलेली अधिकाऱ्यांची यादी आणि छापील इंडियन आर्मी लिस्ट पडताळलीत, आणि खात्री झाल्यावरच आम्हाला कळवलंत. घाईनं गोड बातमी दिली नाहीत, याचं मला फार मोल वाटतं.

वडिलांनी ती ओळ माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली. मग विचारलं, “बाकीच्या अकरांची नावं?” तुम्ही सांगितलंत, युद्ध-डायरीत अधिकाऱ्यांची नावं येतात, जवानांचा फक्त आकडा. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्यातलाच कुणीतरी असंल दाज्यू.”

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत, आणि ती लिहायला जड जाते. आनंदाच्या भरात मी तुम्हाला म्हणाले होते, “बरं झालं, आबा निजामाचे नव्हते, कलंक धुतला गेला.” तुम्ही शांतपणे म्हणालात की निजामाच्या पायदळाची एक पलटणसुद्धा डिसेंबर १९४१ मध्ये मलायात कोटा भारूच्या विमानतळावर जपान्यांसमोर होती, आणि तिच्यातल्या माणसांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत होतं. मी फोन ठेवला तेव्हा मला राग आला होता. आता नाही. आमच्या गावात दोन घरं आहेत, ज्यांचे आजोबा खरोखर निजामाच्या फौजेत होते. गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडं पहिल्यांदा फराळ घेऊन गेले. त्यातल्या एका घरी माळ्यावर पेटी आहे म्हणे, अजून कुणी उघडलेली नाही. ती उघडायला त्यांनी मला बोलावलंय. तुम्हाला विचारूनच हात लावीन.

यंदा १७ सप्टेंबरला वडील झेंडावंदनाला पहिल्या रांगेत बसले. कुणी काही म्हणालं नाही, त्यांनीही कुणाला काही सांगितलं नाही. खिशात त्या पानाची घडी होती.

तुम्ही प्रवासाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. म्हणून वडिलांचा हुकूम आहे की जानेवारीत सुट्टी काढून हुरड्याला यायचं. ज्वारी या वर्षी चांगली आहे, आगटी रानातच पेटवू. ट्रंक आतल्या खोलीत ठेवलीय. डाळ काढून घेतली, पण झाकणावरून ओला फडका फिरवायला मी अजून कुणाला दिलेला नाही. ती अक्षरं तुम्ही आधी डोळ्यांनी बघा.

तुमचीच,
आबांची नात