दादाचा रिपोर्ट नॉर्मल होता

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या देशील, दे. मी बरा, आई बरी, तिचा गुडघा तसाच.

दादाला वर्ध्याला स्टेंट टाकला. आता ठणठणीत आहे, रोज वावरात जाऊन राहिला, आणि मला भीती त्याचीच आहे. रक्त पातळ करायची गोळी घेतो पण स्टॅटिन, कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, बंद केली बे त्यानं. अटॅकच्या आधीच्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 104 होता, तो कागद घडी करून खिशात ठेवलाय, खर्ऱ्याच्या पन्नीला लागूनच, अन् भेटेल त्याला दाखवतो. "पाह्य, नार्मल हाय. मंग कायले खाऊ गोयी?"

आता त्याला कसं सांगू की लॅबवाला रक्तातलं एलडीएल मोजतो, धमनीच्या अस्तराखाली अडकून ऑक्सिडाइझ होऊन बिघडलेलं नाही. खरी गडबड तिथं. एमएस्सीला आपण लॉक्स-1 वर, अस्तराच्या पेशीवरच्या त्या बिघडलेलं एलडीएल पकडणाऱ्या रिसेप्टरवर, भांडलो होतो आठवते? सावामुरांच्या टीमनं 1997 मध्ये तो रिसेप्टर शोधला आणि तू तरी म्हणायचा सगळा खेळ मॅक्रोफेजचा, त्या गिळणाऱ्या पेशींचा! मी अजूनही म्हणतो, सुरुवात अस्तराच्या पेशीतच होते. बिघडलेला कण लॉक्स-1 ला चिकटला की आत एनएफ-कप्पा-बी, सूजेचे जीन चालू करणारा प्रोटीन, जागा होतो, पेशी चिकट रेणू बाहेर काढते, एमसीपी-1 हा इशाऱ्याचा रेणू सोडून मोनोसाइट या पांढऱ्या पेशी बोलावते, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो म्हणून नळी नीट सैल होत नाही, आणि वरून लॉक्स-1 च आणखी वाढतात, म्हणजे पुढच्या कणाला दार आणखी मोठं. त्या मोनोसाइटचेच तुझे मॅक्रोफेज होतात, ते नंतर. साध्या एलडीएलचा रिसेप्टर पेशी भरली की कमी होतो, पण मॅक्रोफेजवरच्या सीडी-36 या रिसेप्टरला तो ब्रेकच नाही, कोवळ्या चाऱ्यावर सुटलेलं ढोर पोट फुगेपर्यंत खाते तसं ते गिळत राहतात, मग चरबीनं फुगलेल्या फोम सेल, मग ब्लॉक. हे वर्षानुवर्षं चालते, दुखत नाही, खुपत नाही. स्टेंटनं एक जागा मोकळी झाली, बाकीच्या धमन्या त्याच आहेत नं.

त्यात कोणीतरी त्याला व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल आणून दिल्या. ऑक्सिडेशन थांबते म्हणे. तूही हेच म्हणायचा, आठव! 2000 च्या होप ट्रायलमध्ये 9,500 वर पेशंट होते, रोज 400 युनिट देऊन अटॅक काही कमी झाले नाहीत. कॅप्सूल मात्र दादा न चुकता घेतो. आणि खर्रा सुरूच, तंबाखूनं तेच अस्तर आणखी खराब होते हे सांगितलं तर "मास्तर, शाळा सुटली" म्हणून हसतो.

मला रात्री झोप नाही लागत यार. बाबांच्या वेळी काय झालं ते तू पाह्यलं आहे.

पोरीची ॲडमिशन झाली ऐकलं, खूप छान वाटलं. फ्लॅटचं काय झालं?

पोळ्याला ये. दादा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो, त्या विहिरीच्या भानगडीपासून तर जास्तच. गोळीचा विषय तूच काढ, पण वहिनीसमोर नको, तिला अजून माहीत नाही. डॉक्टरची पुढची तारीख पोळ्यानंतरच आहे, तोवर सुरू झाली पाहिजे.

तुझा,
गोलू