माथ्यावर जायला पायवाट पुरे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात डोंगर चढायचा म्हणजे सोसोगड नाहीतर वाघेरी, तोही एखाद्या ग्रुपबरोबर, पैसे भरून, रात्रीच निघून, असा समज आमच्याकडे घट्ट बसला आहे. ज्यांना ते झेपत नाही ते म्हणतात, मग दर्याच बरा. माझे फोंड्याला झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. सोमवार ते शनिवार मशीनसमोर उभी असते. रविवारी दुपारच्या आत घरी पोचायलाच हवे, कारण सासूबाईंच्या जेवणाची नि औषधांची वेळ ठरलेली. म्हणजे माझ्या हाती लागते ती रविवारची सकाळ. तेवढ्या सकाळीत मावणाऱ्या डोंगरांबद्दल हे पत्र आहे.

सगळ्यात जवळचा बोरीचा सिद्धनाथ. नणंद आणि मी स्कूटर खाली लावतो आणि चालू लागतो. चढ फार नाही, पण दम लागतो आणि बोलणे आपोआप थांबते. (आमच्या वन्संच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे.) वर देवाला नमस्कार करून उभे राहिले की झुआरी दिसते, बोरीचा पूल दिसतो, कधी एखादी बार्ज सावकाश पुलाखालून सरकताना दिसते. रोज त्या पुलावरून मडगावला जाणाऱ्या किती जणांनी मान वर करून हा डोंगर पाहिला असेल, कोण जाणे.

पारोड्याचा चंद्रनाथ जरा लांब. मडगाव-केपे बसने पारोड्याला उतरता येते, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. उंची साधारण साडेतीनशे मीटर. सह्याद्रीत फिरणारे हसतील, पण भोवताली सगळी सपाटी असल्यामुळे हा डोंगर आहे त्याहून उंच वाटतो. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ, भोज राजांच्या काळाशी नाते सांगणारे. त्या राजांची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, इथून जवळच. पावसाळ्यात कुशावती फुगते आणि पारोड्याचा रस्ता पाण्याखाली जातो, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. ते पाणी कुठून येते, कुठे पसरते, कुठली शेते आधी बुडतात, हे वरून पाहिले की एका नजरेत कळते. इथे गाडीरस्ता बराच वरपर्यंत गेलेला आहे. म्हाताऱ्या भाविकांची त्याने सोय झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आम्ही पायीच जातो. गाडीतून उतरून पाच मिनिटांत जो देखावा बघायचा, तो मोबाइलवर बघितला काय नि तिथे बघितला काय!

तिसरा कुएलीचा. कासांवलीला माहेर असलेली आमची शेजारीण घेऊन गेली होती. माथ्यावर रेमेदियुस सायबिणीचा कपेल, म्हणजे मेरीमातेचे छोटे चर्च आहे. 6 जानेवारीला तीन राजांचे फेस्त (जत्रा) भरते तेव्हा कुएली, कासांवली आणि आरोशी या तीन गावांतली तीन मुले राजांच्या वेशात, घोड्यांवर बसून, आपापल्या वाटेने डोंगर चढतात. एरवी वर सामसूम असते. एका बाजूला दाबोळीला उतरणारी विमाने, दुसऱ्या बाजूला वेळसांवपासून दक्षिणेकडे धावणारी किनाऱ्याची पांढरी कड. दर्या बघायचाच असेल तर असा उंचावरून बघावा. वाळूत बसून तो एवढा मोठा कधीच दिसत नाही.

आमच्याकडचे पुष्कळसे माथे उघडे का, असे मला दुकानात एका पोराने विचारले. वर जांभ्याचा कडक थर असतो. माती बोटभर, तीही पावसाने वाहून जाते, मोठे झाड मूळ धरत नाही. म्हणून तर चारी बाजू दिसतात. पण उघडे म्हणजे ओसाड नव्हे. सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे अशा सपाट खडकाळ माथ्यावर, उकिडवे बसून बघा. खळग्यांतल्या पाण्याच्या कडेला सीतेची आसवे नावाची फुले, निळी-जांभळी, नखाएवढी. त्यांच्याच शेजारी दवबिंदू नावाचे रोप, त्याच्या पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मी बघत होते तेव्हा एका थेंबाला चिलट चिकटले होते आणि पाय हलवत होते. चवथीला गणपतीवर रानफळा-फुलांची माटोळी बांधतात, तिला हरणां नावाची पिवळी फुले नि कांगुणीचे घोस लागतात, तीही अशाच डोंगराळ भागातून येतात. बाजारात जुडीचे पैसे देताना कुरकुरणाऱ्यांनी एकदा ती तोडायला जाऊन बघावे.

थोडी काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, तेव्हा चपला घालून जाऊ नये. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट सुरू होतो आणि उघड्या माथ्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो, म्हणून त्याआधी खाली यावे. मार्चनंतर दहाच्या पुढे दगड तापतो. जांभ्याच्या फटींत फुरसे असते, तेव्हा दगड उलटून बघायची हौस घरी ठेवून यावी. आम्ही बाटलीत आगळाचे (कोकमाच्या रसाचे) पाणी नेतो, आणि खाली उतरल्यावर पातळ भाजी-पाव नि मिरची भजी. तेवढ्यासाठीसुद्धा डोंगर चढायला हरकत नाही.

आता मुद्द्याचे. माझ्या दुकानात लोक अर्ज टाइप करायला येतात. नगरनियोजन कायद्याचे कलम 17अ, म्हणजे परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जमीन बुजवायला बंदी घालणारे कलम, मला आता न बघता टाइप करता येते, इतके ते अर्जांत येते. ‘सदर सर्व्हे क्रमांकातील डोंगर जेसीबी लावून...’ इथपर्यंत सांगितले की पुढचे वाक्य मीच सांगते. आमच्याच भागातल्या एका टेकडीवर (नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे) गुरे चारायला जायची जुनी वाट आता लोखंडी गेटपाशी संपते. गेटवर कुलूप, आत लाल मातीचा उभा कापलेला कडा. पावसात ती माती खालच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत उतरते. माथा अजून आहे, पण तिथे जायचे कुठून?

दुसरीकडे, सुधारणा म्हटली की माथ्यापर्यंत डांबर, वर पेव्हर, सिमेंटच्या छत्र्या, रंगीत अक्षरांत गावाचे नाव. त्यामागोमाग गाड्या नि बाटल्या येतात. वेर्णे, कुंडईचे सडे औद्योगिक वसाहतींत गेले, ते परत येणार नाहीत, आणि तिथे लोकांना रोजगार मिळाला हेही खरे. पण जे माथे उरले आहेत त्यांना फार काही लागत नाही. पावसाळ्यानंतर पायवाटेवरची झुडपे छाटायची, सुटलेले चिरे परत बसवायचे, वाट फुटते तिथे दगडावर चुन्याची खूण करायची. पंचायतीने रोजावर चार माणसे लावली तर आठवड्याचे काम. ही गावची वाट आहे अशी नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात करून ठेवली तर उद्या गेट लावणाऱ्याला निदान उत्तर तरी द्यावे लागेल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. रविवारच्या अंकात एका छोट्या डोंगरासाठी चौकटीएवढी जागा द्यावी. कुठली बस, कुठे उतरायचे, वाट कुठून सुरू होते, पाणी कुठे मिळते, एवढेच. फोटो नसला तरी चालेल. ज्यांना कात्रण हवे असेल त्यांना झेरॉक्स मी फुकट काढून देईन, मात्र रविवारी दुकान बंद असते.

आपली,
एक वाचक, फोंडा