छापचित्र कासाडीचं, सांडपाणी कार्यशाळेचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट २०१७मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या निळ्या पडलेल्या भटक्या कुत्र्यांचे फोटो सगळीकडे झळकले. त्याच वसाहतीतून वाहणाऱ्या, कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या कासाडी नदीचं दुखणं मात्र त्याच्याही आधीचं. ते सोसतात काठावरची गावं आणि खाडीत जाळं टाकणारे कोळी. अशा विषयांवर कलाविद्यार्थी मनापासून छापचित्रं करतात, याचा आम्हाला आनंदच आहे. पण छपाईसाठी धातूचा पत्रा रसायनाने कोरून झाल्यावर उरलेलं द्रावण कुठे जातं, हे कोणी विचारत नाही.

तांब्याच्या एचिंगला, म्हणजे पत्र्यावर रसायनाने रेघा कोरायला, फेरिक क्लोराईड वापरतात. नायट्रिक ॲसिडसारखा तांबूस धूर येत नाही, म्हणून ते निर्धोक समजलं जातं. पण रेघ जितकी खोल, तितकं तांबं द्रावणात उतरलेलं असतं, आणि विरघळलेलं तांबं अगदी थोडं असलं तरी माशांना मारक ठरतं. ते सिंकमध्ये ओतून आपण कासाडीचं चित्र भिंतीवर टांगतो, हे आम्हाला पटत नाही.

वापरलेलं द्रावण प्लास्टिकच्या बादलीत पाणी घालून पातळ करावं. बादली निम्मीच भरावी. मग धुण्याचा सोडा चमचा-चमचा टाकत ढवळावं. एकदम टाकला तर फेस काठावरून उतू जातो. आम्लता मोजायचा पीएच कागद ८ ते ९ दाखवू लागला की थांबावं. रात्रभरात तांबं आणि लोखंड गाळ होऊन तळाशी बसतं. वरचं पाणी निळसर दिसलं तर तांबं अजून त्यातच आहे, आणखी सोडा लागेल. गाळ जाड कापडातून गाळून, वाळवून, चिठ्ठी लावलेल्या बंद डब्यात ठेवावा आणि घातक कचरा म्हणूनच द्यावा. आता मुंबई परिसरातल्या अशा कचऱ्याचं सामायिक केंद्रही तळोज्यातच आहे. म्हणजे आपला गाळ पुन्हा त्याच लोकांच्या शेजारी जाणार. म्हणून तो मुळातच कमी व्हायला हवा.

एक उपाय सायट्रिक ॲसिडचा. एक भाग पूड तीन भाग पाण्यात विरघळवायची आणि हे पाणी एक भाग, ४० टक्के फेरिक क्लोराईडचं द्रावण चार भाग, असं मिसळायचं. पत्रा लवकर खाल्ला जातो, रेघेत गाळ साचत नाही, द्रावण जास्त दिवस टिकतं. हे फक्त तांब्या-पितळेसाठी. जस्ताचा पत्रा यात टाकू नये, द्रावण तापतं आणि वायू सुटतो.

त्याहून बरा लिनो, म्हणजे हत्याराने कोरून छापायचा लिनोलियमचा मऊ तुकडा. त्याला ॲसिडच लागत नाही. लिनो कडक वाटला तर दहा मिनिटं उन्हात ठेवावा, म्हणजे हत्यार घसरून बोटात जात नाही. गावाचं नाव कोरायचं तर अक्षरं उलटी उतरवावीत, आणि अनुस्वाराचा ठिपका निदान ३ मिलिमीटरचा ठेवावा; बारीक ठिपका चार-पाच छापांत तुटतो. शाई बेताची असली की रोलर चरचर आवाज करतो. पचपच ऐकू आलं तर शाई जास्त झाली, बारीक रेघा बुजणार.

रोलर रॉकेलऐवजी खाद्यतेलाने पुसून मग भांड्यांच्या साबणाने धुता येतो. मात्र जवसतेलाच्या शाईच्या चिंध्यांचा ढीग करू नये. तो आपोआप तापून पेट घेतो. चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आमचं महाविद्यालयांना सांगणं आहे की चित्राखालच्या पाटीवर माध्यमाबरोबर द्रावणाचं काय केलं हेही लिहावं. आणि ३० प्रतींची आवृत्ती असेल तर निम्म्या प्रती नदीकाठच्या गावांत जाव्यात: शाळेत, ग्रामपंचायतीत, मासळीबाजाराच्या भिंतीवर. छापचित्राच्या अनेक प्रती निघतात त्या कपाटात ठेवायला नव्हे. भिंतीवर लावायच्या प्रती तेलाच्या शाईत छापून आठवडाभर वाळू द्याव्यात, नाहीतर हात लागताच शाई पसरते. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, ती इथे नको. मोरचूद म्हणजे तांबंच, आणि पहिल्या पावसात ते नाल्यात उतरेल.

आपले,
छापचित्रण शिकवणारे काही शिक्षक,
नवी मुंबई