यंदाच्या बारा कादंबऱ्या

तीर्थरूप आई व बाबा यांस साष्टांग नमस्कार.

वाचायच्या कादंबऱ्यांची माझी यादी वाढत वाढत साठांच्या वर गेली होती. गेल्या आठवड्यात ती समोर घेऊन बसले आणि ही कादंबरी मला का वाचायची आहे, याचे उत्तर प्रत्येक नावापुढे एका वाक्यात लिहू लागले. जवळजवळ निम्म्या नावांपुढे ‘पुरस्कार मिळाला आहे’ किंवा ‘सगळे वाचतात’ याखेरीज काही लिहिता आले नाही, म्हणून ती नावे तूर्त खोडली. पुरस्कारांना मी कमी लेखत नाही. पण तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाचनाचा निकाल असतो, आणि माझ्याकडून वर्षभरात जेमतेम बाराच कादंबऱ्या मन लावून वाचून होतात.

उरलेल्यांतून निवड करताना असे लक्षात आले, की सुट्या कादंबऱ्या घेण्यापेक्षा जोड्या लावल्या, तर प्रत्येकीचे वेगळेपण अधिक ठळकपणे दिसते. ‘धग’ १९६० सालची आणि ‘कोसला’ १९६३ सालची. मध्ये अवघी तीन वर्षे. उद्धव शेळके ‘धग’मध्ये कौतिकची दारिद्र्याशी चाललेली झुंज वऱ्हाडी बोलीच्या बळावर उभी करतात आणि स्वतः निवेदक म्हणून मागेच राहतात. भालचंद्र नेमाडे यांचा पांडुरंग सांगवीकर मात्र आरंभापासून स्वतःच बोलत सुटतो आणि वाचकाला आपल्या बोलण्यातून बाहेर पडू देत नाही. एकाच काळातले मराठी गद्य इतक्या वेगळ्या दिशांना कसे गेले, हे मला कोणाच्या समीक्षेतून जाणून घ्यायचे नाही, तर दोन्ही कादंबऱ्या लागोपाठ वाचून अनुभवायचे आहे. बाबा, तरुणपणी तुम्ही ‘कोसला’ अर्ध्यावर सोडली होती. या वेळी माझ्याबरोबर ती पुन्हा हाती घ्याल का? तेव्हा कोणत्या पानावर तुमचे मन उडाले, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे.

जॉर्ज एलियट यांची ‘मिडलमार्च’ कितीतरी वर्षे यादीत आहे आणि दर वेळी तिच्या आकाराला भिऊन मी तिला मागे सारले. ती १८७१-७२ मध्ये आठ भागांत प्रसिद्ध झाली होती आणि पहिल्या वाचकांना पुढच्या भागाची वाट पाहावी लागली होती, हे वाचल्यावर माझी भीती गेली. मीही महिन्याला एकच भाग वाचीन. रशियन कादंबऱ्या अनुवादातूनच वाचाव्या लागणार, तेव्हा पुस्तक पक्के करण्याआधी दोन अनुवादांची पहिली वीस पाने शेजारी ठेवून वाचते, आणि ज्यात प्रत्येक पात्र आपापल्या स्वभावानुसार बोलते, तो घेते.

दोन जागा पुनर्वाचनासाठी राखल्या आहेत. त्यांतली एक विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ची. १९३९ सालची ही छोटीशी कादंबरी मी फार लहान वयात, केवळ प्रेमकथा म्हणून वाचली, आणि तिच्यातल्या बोटीवरच्या निर्वासितांकडे तेव्हा माझे लक्षच गेले नाही.

आई, दुसरी जागा तुझ्यासाठी आहे. तुझे डोळे आता फार वेळ साथ देत नाहीत, म्हणून रोज रात्री फोनवर दहा पाने वाचून दाखवावीत असे मनात आहे, आणि त्यासाठी ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ मला सर्वांत योग्य वाटते. ती ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः येत असे, त्यामुळे थांबत थांबत ऐकायला सोयीची, शिवाय यमू आपली हकीकत स्वतःच सांगते, म्हणजे मोठ्याने वाचताना तिचा आवाज आपोआप लागतो. तुला त्या दुःखाचे ओझे नको असेल, तर मात्र मोकळेपणाने सांग. आपण दुसरी निवडू.

बारावी जागा मी कोरी ठेवली आहे. बाबा, तिथे एक नाव तुम्ही सुचवा आणि पुढे तुमचे एक वाक्य लिहा. पुढच्या महिन्याच्या आरंभी मी तीच कादंबरी पहिल्यांदा उघडीन.

तुमची,
लेक