बाई, तो तक्ता तुम्ही मुलांच्या हातात दिलात

आदरणीय बाई,

निबंधांच्या गठ्ठ्यासमोर मी हताश होऊन बसले होते, त्या दुपारी तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण लेखन शिकवणाऱ्या इतरांनाही तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

रुब्रिक, म्हणजे लेखन कोणत्या निकषांवर तपासायचं याचा तक्ता, मी तेव्हाही वापरत होते. आशय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन असे चार निकष आणि प्रत्येकाचे चार स्तर. मुलं तक्ता वहीत चिकटवायची, मी त्यावर गुण लिहायचे आणि गुण बघून वही मिटली जायची. त्या दिवशी एकाच निबंधाला मी आणि एका सहकाऱ्याने इतके वेगळे गुण दिले होते की माझा स्वतःवरचा विश्वासच डळमळला होता. तेव्हा तुम्ही मला १९६१ सालचा एक अमेरिकन अभ्यास सांगितलात. पॉल डायडरिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ जाणत्या वाचकांकडून तपासून घेतले होते. त्यांत शिक्षक होते, तसे लेखक, संपादक, वकीलही होते. श्रेणी नऊच होत्या, तरी शंभरातल्या ९४ निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. कुणी विचार बघत होतं, कुणी रचना, कुणी व्याकरणाच्या चुका. मग तुम्ही विचारलंत, "मोठ्यांचं हे असं, तर 'मांडणी प्रभावी आहे' एवढ्यावरून मुलांनी काय समजायचं?"

पुढच्याच आठवड्यात तुम्ही माझ्या वर्गावर आलात. नावं झाकलेले तीन जुने निबंध आणलेत आणि मुलांना आधी फक्त मांडणीचा स्तर ठरवायला सांगितलंत. सुंदर अक्षराच्या निबंधाला जवळजवळ सगळ्यांनी चार दिले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच तीन निबंध टंकलिखित करून आणलेत आणि पुन्हा वाचायला दिलेत. कितीतरी मुलांचे आकडे बदलले! अक्षराचा प्रभाव मी त्यांना वर्षभर सांगूनही पटला नसता, तो त्यांनी स्वतःच्या आकड्यांत पाहिला.

त्यानंतरचा वाद मला अजून आठवतो. दोन म्हणणारा आणि चार म्हणणारा, दोघांनाही मजकुरातल्या वाक्यावर बोट ठेवायला लावलंत. "मला आवडलं" हे कारण चालणार नाही, एवढा एकच नियम. त्या ओढाताणीतून एका मुलीने कसोटी काढली: परिच्छेदांची अदलाबदल केली तरी वाचणाऱ्याला काही फरक पडत नसेल, तर मांडणी स्तर दोन. ती मी तक्त्यात जशीच्या तशी घातली. माझ्या 'प्रभावी'पेक्षा ती शतपटीने नेमकी होती.

आणखी एक. रुब्रिक या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या लाल मातीत, जुन्या हस्तलिखितांतले मथळे लाल शाईत असत म्हणून, हे तुम्हीच सांगितलंत. आणि मुलांच्या हातात मात्र पेन्सिल दिलीत, मत बदलता यावं म्हणून. एकमेकांच्या वह्या बघताना त्यांना गुण लिहू दिले नाहीत. कोणत्या निकषाचा कोणता स्तर, मजकुरातला पुरावा आणि पुढच्या खर्ड्यात बदलायची एक गोष्ट, एवढंच. मैत्रीत सढळ हाताने गुण वाटणं त्यामुळे आपोआप थांबलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. काही मुलं तक्त्यातल्या चौकटी भरण्यापुरतंच लिहू लागली, आणि एक विलक्षण जिवंत निबंध आमच्या एकाही निकषात मावेना. तुम्ही म्हणालात, तक्त्यात जागा नसेल तर तक्ता बदलायचा, निबंध नव्हे. तेव्हापासून खाली एक ओळ रिकामी ठेवते.

वर्गात मागे बसणारा, एकपानी निबंध लिहून मोकळा होणारा मुलगा तुम्हाला आठवतो ना? परवा त्याने आपला खर्डा परत मागितला. स्वतःच्या हाताने पहिला परिच्छेद खोडला आणि समासात लिहिलं, "इथे मी विषयाच्या भोवतीच फिरतोय." मी त्याला तसं काहीच सांगितलं नव्हतं. घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्या सत्रात कथालेखनाचा तक्ता मुलंच बनवणार आहेत. त्यासाठी कच्चे, मधले आणि सरस असे नमुने लागतील. तुम्ही जपून ठेवलेल्या जुन्या वह्या बघायला कधी येऊ?

तुमची,
शेजारच्या वर्गातली सहकारी