‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांचा खरा अर्थ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापूर, वादळ किंवा उष्णतेची लाट आली की आपल्या दैनिकासह जवळजवळ सर्वच वृत्तपत्रांत ‘शंभर वर्षांतून एकदा होणारी घटना’ हा शब्दप्रयोग हमखास वाचायला मिळतो. पुढे पाच-सात वर्षांतच तसा पूर पुन्हा आला, की तज्ज्ञांचे गणित चुकल्याची बातमी त्याच पानावर येते. तज्ज्ञांचे गणित चुकतेही, आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. पण इथे बहुतेक वेळा चूक गणिताची नसते, शब्दांची असते. संख्याशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला ती चूक खटकते, म्हणून हे पत्र.

‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे कोणत्याही एका वर्षी जो येण्याची किंवा ओलांडला जाण्याची शक्यता एक टक्का आहे, असा पूर. त्यात वेळापत्रक नाही, पाळी नाही, ‘आत्ताच येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही’ असा दिलासाही नाही. वर्गात हे समजावताना मी फळ्यावर काही लिहीत नसे. एका पिशवीत नव्व्याण्णव पांढरे मणी आणि एक लाल मणी घालून ती विद्यार्थ्यांकडे देत असे. न पाहता एक मणी काढायचा, रंग लिहून घ्यायचा, मणी परत टाकायचा, पिशवी चांगली हलवायची. एक खेप म्हणजे एक वर्ष. असे तीस वेळा केले की घराच्या कर्जाची मुदत किंवा एका पिढीची नोकरी संपली असे समजायचे. चाळीस जणांच्या वर्गात दहाच्या आसपास विद्यार्थ्यांच्या वहीत निदान एक लाल नोंद असे, कारण तीस वर्षांत अशी घटना निदान एकदा घडण्याची शक्यता २६ टक्के भरते. शंभर खेपा केल्या तरी ती शक्यता ६३ टक्क्यांवरच थांबते, म्हणजे पूर्ण शतक कोरडे जाण्याची शक्यताही तिसऱ्या हिश्शाहून जास्त उरते. एका वर्षी एका मुलीने चौथ्या आणि नवव्या खेपेला लाल मणी काढला आणि पिशवीत काहीतरी गडबड असल्याचे ठामपणे सांगितले. आम्ही सर्व मणी टेबलावर ओतून मोजले. लाल मणी एकच होता. चाळीस जणांत एखाद्याला तीस खेपांत दोनदा लाल मणी मिळावा, हेच खरे तर अपेक्षित आहे.

वृत्तपत्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. आपला वाचक एका नदीकाठी राहतो, पण आपण बातमी जगभरातल्या नद्यांची देता. एकमेकींशी संबंध नसलेल्या शंभर नद्या धरल्या, तर त्यांपैकी निदान एकीला ‘शंभर वर्षांचा पूर’ येण्याची शक्यता दर वर्षी पुन्हा तीच ६३ टक्के. म्हणजे ही बातमी दर तीन वर्षांपैकी जवळपास दोन वर्षी छापावी लागणार, आणि त्यात विपरीत काहीच नाही.

ज्या शास्त्रातून हे आकडे येतात त्याची बैठक फारशी परिचित नाही. बहुतेक संख्याशास्त्र सरासरीभोवती फिरते. पुष्कळ निरीक्षणांची सरासरी घेतली की मूळ आकडे कसेही विखुरलेले असले तरी, विखुरणे मर्यादेत असेल तर, सरासरीचे वितरण घंटेच्या आकाराच्या वक्राकडे झुकते, हे पदवीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु धरण सरासरी पावसाने फुटत नाही आणि पूल सरासरी वाऱ्याने पडत नाही. तिथे प्रश्न वर्षातल्या सर्वांत मोठ्या आकड्याचा असतो, आणि घंटेचा वक्र त्याविषयी फसवी माहिती देऊ शकतो. हाच प्रश्न सुतातही येतो. संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड टिपेट ब्रिटनमध्ये सुती उद्योगाच्या संशोधन संस्थेत काम करीत. सुताचा धागा ताणला की तो सरासरी जाडीच्या जागी तुटत नाही, सर्वांत कच्च्या जागी तुटतो. म्हणून त्याच सुताचा लांब तुकडा आखूड तुकड्यापेक्षा कमी ताणाला तुटतो, कारण लांबी वाढली की एखादी फारच कच्ची जागा आत येण्याची शक्यता वाढते. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. टिपेट यांनी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याबरोबर १९२८ साली दाखवले की पुष्कळ निरीक्षणांतील कमाल मूल्याचे वितरण, योग्य मापपट्टी लावल्यावर, कोणत्याही एका रूपात स्थिरावत असेल, तर ते रूप तीनांपैकीच एक असते. याची काटेकोर आणि संपूर्ण सिद्धता १९४३ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ बोरिस ग्नेडेन्को यांनी दिली.

ही तीन रूपे समजून घेतल्याशिवाय बातमीतल्या आकड्याला अर्थ नाही. पहिल्यात वितरणाची शेपूट, म्हणजे फार मोठ्या आकड्यांकडचे टोक, झपाट्याने बारीक होत जाते. दुसऱ्यात ती जाड राहते आणि आजवरच्या उच्चांकाच्या दुप्पट-तिप्पट काहीतरी येण्याची शक्यता नगण्य होत नाही. तिसऱ्यात एक भिंत असते, जिच्यापलीकडे आकडा जाऊच शकत नाही. कोणते रूप लागू आहे हे एका प्राचलाच्या, म्हणजे नोंदींवरून अंदाजायच्या एका आकड्याच्या, चिन्हावर ठरते, आणि सगळी अडचण तिथेच आहे. पन्नास-साठ वर्षांच्या नोंदींवरून ते प्राचल शून्याच्या वर आहे की खाली, हे खात्रीने सांगणे अनेकदा शक्य नसते.

पहिल्या रूपाला एमिल गुम्बेल यांचे नाव आहे. पुरांच्या संदर्भात ‘पुनरावृत्ती काळ’ (तेवढी मोठी घटना सरासरी किती वर्षांनी घडते तो काळ) ही कल्पना रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १९५८ साली निघाला. म्युनिकमध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाने १९२२ मध्ये जर्मनीतील राजकीय हत्यांची मोजदाद प्रसिद्ध केली होती: उजव्या गटांच्या नावावर ३५४, डाव्यांच्या नावावर २२. हायडेलबर्ग विद्यापीठातील त्यांचे पद १९३२ मध्ये गेले, ते फ्रान्सला आणि तिथून अमेरिकेला गेले. नकोशा आकड्यांकडे पाठ न फिरवण्याची सवय त्यांना जुनीच होती, असे मला नेहमी वाटते.

या गणिताचा मोठा व्यवहारी उपयोग नेदरलँड्समध्ये झाला. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रातील वादळाने तिथले बांध फुटले आणि १,८३६ माणसे दगावली. तिथल्या किनाऱ्यावरील हूक ऑफ हॉलंड येथे पाणी प्रमाण पातळीच्या ३.८५ मीटर वर चढले होते. त्यानंतर नेमलेल्या डेल्टा समितीसाठी गणितज्ञ डेव्हिड व्हान डांट्सिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधाची उंची आणि जोखीम यांचा हिशेब मांडला, आणि एका वर्षात दहा हजारांत एक इतक्याच शक्यतेने ओलांडली जाईल अशी पातळी म्हणून त्याच ठिकाणी पाच मीटर हा आकडा पुढे आला. हाताशी नोंदी शंभर वर्षांच्याही नव्हत्या आणि उत्तर दहा हजार वर्षांच्या भाषेत द्यायचे होते. हे धाडस बेजबाबदार नव्हते, कारण त्यामागे वरचा सिद्धांत होता. पण ते धाडस होते, आणि ते करणाऱ्यांना याची पूर्ण जाणीव होती.

थोड्या नोंदींवरून दूरच्या काळाकडे घेतलेली हीच उडी चुकीच्या शेपटीवर भिस्त ठेवून घेतली तर काय होते, याचे उदाहरण व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर डिसेंबर १९९९ मध्ये दिसले. तिथल्या एका पर्जन्यमापन केंद्रावर एका दिवसात सुमारे ४१० मिलिमीटर पाऊस झाला, जो त्या केंद्रावरील आधीच्या उच्चांकाच्या दुपटीहून बराच जास्त होता. दरडी आणि चिखलाच्या लोंढ्यांत हजारो माणसे गेली. नंतर स्टुअर्ट कोल्स, लुईस पेरिच्ची आदी संख्याशास्त्रज्ञांनी आधीच्या वर्षांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. बारीक शेपटीचे गुम्बेल रूप गृहीत धरले, तर अशा पावसाचा पुनरावृत्ती काळ एक कोटीहून अधिक वर्षे निघत होता. शेपटीचा आकार नोंदींनाच ठरवू दिला की तो काही हजार वर्षांवर येई, आणि त्या आकाराविषयीची अनिश्चितताही हिशेबात धरली की आणखी बराच खाली. पाऊस तोच, केंद्र तेच. फरक फक्त गृहीतकाचा. ‘कोटी वर्षांतून एकदा’ असे उत्तर आले की निसर्गाला नव्हे, गृहीतकाला दोष द्यावा.

उच्चांक मोडल्याच्या बातम्यांसाठीही या शास्त्रात एक साधा निकष आहे. हवामान बदलत नसेल आणि वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर शंभराव्या वर्षी उच्चांक मोडण्याची शक्यता बरोबर शंभरात एक असते, कारण शंभर वर्षांपैकी कोणतेही वर्ष सर्वांत मोठे असण्याची संधी सारखीच. यासाठी पावसाचे वा तापमानाचे वितरण ठाऊक असण्याचीही गरज नाही. या हिशेबाने शंभर वर्षांत सरासरी ५.२ उच्चांक व्हायला हवेत, त्यातला एक पहिल्या वर्षाचा फुकटचा, आणि दुसऱ्या पन्नास वर्षांत सरासरी एकही पुरा नाही, फक्त ०.७. एखाद्या केंद्रावर शंभर वर्षांच्या नोंदीनंतरही दर चार-पाच वर्षांनी तापमानाचा उच्चांक मोडत असेल, तर तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पिशवीत कोणीतरी लाल मणी वाढवीत आहे. मग कालच्या पिशवीवरून काढलेला ‘शंभर वर्षांचा’ आकडा आज शंभराचा राहिलेला नसतो, आणि तज्ज्ञ चुकतात ते प्रामुख्याने इथे.

आपल्या संपादकीय विभागाला माझी विनंती छोटी आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐवजी ‘कोणत्याही वर्षी एक टक्का शक्यता’ असे लिहावे, आणि शक्य तिथे ‘तीस वर्षांत चारांत एक’ हेही द्यावे, कारण घर बांधणाऱ्याला तोच आकडा उपयोगी. त्याशिवाय असा आकडा देणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाला आपल्या वार्ताहराने एक प्रश्न विचारावा, की हा किती वर्षांच्या नोंदींवरून काढला, आणि मिळालेले उत्तर त्याच वाक्यात छापावे. मथळ्यात जागा कमी असते याची मला कल्पना आहे. पण ‘चाळीस वर्षांच्या नोंदींवरून’ हे तीनच शब्द आहेत.

कळावे,
आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक