वनमंत्र्यांना खुले पत्र : हिवर उपटून उंदीरमारी कशाला?

मा. वनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या गावामागच्या माळावर जेसीबी आला आणि हिवर, बोरी, आपटा, पळस सगळं साफ करून गेला. का, तर म्हणे वृक्षारोपण करायचंय! आता तिथं ओळीनं खड्डे आणि खड्ड्यात गिरिपुष्प. आम्ही त्याला उंदीरमारी म्हणतो. मूळ मध्य अमेरिकेचं. शेळी सहसा तोंड लावत नाही म्हणून ते जगतं आणि तुमच्या अहवालातली टक्केवारी टुमदार दिसते.

याच माळावर आपल्या खात्यानं निसर्गवाट जाहीर केली होती. गावातल्यांना गाईडचं प्रशिक्षण, ओळखपत्र, मानधन. मी हौसेनं नाव दिलं. ओळखपत्राची वाट न बघता कॉलेजच्या पोरांना फिरवलं. धावड्याचा डिंक दाखवला. बाभूळ कोणती आणि हिवर कोणता हे सालीवरून शिकवलं : बाभळीची काळपट, हिवराची पांढुरकी. फुलोरा असला तर आणखी सोपं, बाभूळ पिवळीजर्द आणि हिवर फिका. आता काय दाखवू, जेसीबीच्या चाकाच्या खुणा?

ओळखपत्रासाठी तालुक्याला खेटे घातले, हजेरी बुडाली. गुडघा आधीच दुखरा, त्यात तिथले जिने. गेलं की साहेब फिल्डवर, फिल्डवर बघावं तर मीटिंगला. वरच्या ऑफिसातही पळसाला पानं तीनच. गावात पोरं मला ‘गाईडसाहेब’ म्हणून चिडवतात, घरात काय ऐकतो ते इथं लिहीत नाही.

२०१९ मध्ये सरकारनं ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. राज्यात १२ कोटी माणसं धरली तर माणशी पावणेतीन झाडं झाली. माझी पावणेतीन कुठं आहेत, साहेब? १९८८ चं वनधोरण म्हणतं एकतृतीयांश भूभागावर जंगल हवं. आमच्या शेजारच्या लातुरात ते एक टक्कासुद्धा नाही. त्याच लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मात्र फोटोला ही गर्दी! एरवी मराठवाडा आठवतो १७ सप्टेंबरला, झेंड्यापुरता. अनुशेष, पॅकेज, समित्या ऐकून कान किटले.

उरलेल्या माळावर जेसीबी घालू नका. रोपवाटिकेत इथल्याच बियांची रोपं करा, बिया आम्ही गोळा करून देतो. आणि ओळखपत्र द्यायचंच नसेल तर अर्जासोबत घेतलेले माझे दोन फोटो तेवढे परत पाठवा. पुढच्या योजनेच्या अर्जाला लागतील.

आपला,
बालाघाटातला एक बिनओळखपत्राचा गाईड